आधी तारीख वाचवा, मग फोल्डर लावा

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातल्या एका घरी २००६ पासूनचे अंदाजे चाळीस हजार फोटो आहेत. काही जुन्या डेस्कटॉपवर पिकासात (गूगलच्या जुन्या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये), काही दोन पोर्टेबल हार्ड डिस्कवर, शिवाय लग्नाच्या सीडी, चार मोबाइल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला ढीग. एकच फोटो पाच ठिकाणी सापडतो आणि हवा तो मात्र मिळत नाही. हे सगळं एका संगणकावर कसं लावायचं, सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं आणि डुप्लिकेट आधी काढायचे की नंतर?

डुप्लिकेट सगळ्यांत शेवटी काढा. बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात, आणि नेमका तिथेच चांगला फोटो जाऊन वाईट उरतो. ३१ ऑगस्ट २०१९ ला तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत मोबाइलवर काढलेला एक फोटो समजा. मूळ फाइल ४ एमबीची, ४००० बाय ३००० पिक्सेलची. तिच्या आत काढल्याची तारीख, वेळ, मोबाइलचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर जागाही नोंदलेली. तोच फोटो तीन दिवसांनी घरच्या ग्रुपवर आला. आता तो १६०० बाय १२०० चा, २०० केबीच्या आसपासचा. आतली सगळी नोंद व्हॉट्सअ‍ॅपने काढून टाकली आणि नावात २०१९०९०३ अशी तारीख घातली, म्हणजे तो ग्रुपवर आला त्या दिवसाची. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. घाईत मूळ पुसला गेला, तर भिंतीवर लावण्याजोगी प्रिंटही गेली आणि खरी तारीखही गेली.

फोटोच्या आतल्या या नोंदीला एक्झिफ म्हणतात. विंडोजमध्ये ती ‘डेट टेकन’ या रकान्यात दिसते. ‘डेट क्रिएटेड’वर कधीच विसंबू नका, फाइल नव्या डिस्कवर कॉपी केली की तिथे कॉपी केल्याचा दिवस येतो. ‘डेट मॉडिफाइड’ कॉपी करताना सहसा टिकते, पण फोटो एडिट करून सेव्ह केला की बदलते. संगणक बदलल्यावर सगळे फोटो एकाच दिवसाचे दिसू लागले, तर बहुतेक वेळा क्रमवारी चुकीच्या रकान्यावर लागलेली असते. घाबरू नका, तारीख आत शाबूत असते.

कामाला हात घालण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उघडलं की डिस्कचं तापमान आणि दोन महत्त्वाचे आकडे दिसतात: रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि करंट पेंडिंग सेक्टर (वाचताना अडलेल्या, संशयित जागा). पेंडिंग शून्यावर असेल तर निवांत कॉपी करा. तो आकडा वाढत असेल किंवा डिस्क टकटक आवाज करत असेल, तर तिच्यावर कसलीही ‘रिपेअर’ची कमांड चालवू नका. त्या दुरुस्तीत डिस्क तासन्‌तास घासली जाते आणि उरलंसुरलंही जातं. आधी सर्वांत महत्त्वाचे फोल्डर उचला, बाकीचे नंतर. सीडी-डीव्हीडी तर लगेच उतरवून घ्या. लिहिण्याजोग्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि उजेडाने खराब होतो, आणि आपल्याकडे त्या बहुधा माळ्यावरच्या पेटीत कित्येक उन्हाळे काढत असतात. एखादी सीडी वाचली जात नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. ड्राइव्ह बदलल्यावर पुष्कळदा काम होतं.

मुख्य संगणकावर दोनच मोठे फोल्डर करा: ‘आवक’ आणि ‘फोटो’. जे येईल ते आधी आवकमध्ये. प्रत्येक डिस्कचा, मोबाइलचा, सीडीचा वेगळा उपफोल्डर, म्हणजे कुठलं काय ते कळतं. सगळीकडे कॉपीच करायचं, ‘कट’ कधीच नाही. मोबाइल केबलने जोडून हजारो फोटो कट-पेस्ट करताना मध्येच केबल हलली, तर काही फोटो इकडेही नसतात आणि तिकडेही नसतात. मोबाइलवरून एका वेळी चार-पाचशे फोटोच उचला. कॉपी झाल्यावर दोन्ही बाजूंच्या फोल्डरचं ‘प्रॉपर्टीज’ उघडून फाइलींची संख्या आणि ‘साइज’ जुळवा. ‘साइज ऑन डिस्क’ जुळणार नाही, तो डिस्कच्या फॉरमॅटनुसार बदलतो; त्यामुळे गोंधळू नका.

जागेचा हिशेब सोपा आहे. मोबाइलचा फोटो सरासरी ४ एमबी धरला तर चाळीस हजारांचे १६० जीबी होतात. जागा खातात ते व्हिडिओ: फोरकेचा एक मिनिट सहज २०० ते ४०० एमबी. म्हणून एक टीबीपेक्षा लहान डिस्क घेऊ नका, दोन टीबीची घेतली तर पुढची काही वर्षं विचार करावा लागत नाही. २०० जीबी कॉपी करायला यूएसबी तीनच्या पोर्टवर अर्धा-पाऊण तास लागतो, जुन्या यूएसबी दोनवर दोन तासांच्या आसपास. फाइली लहान आणि असंख्य असतील तर त्याहून जास्त. पोर्टच्या आत निळं प्लास्टिक असेल तर तो सहसा यूएसबी तीनचा असतो.

आयफोन असेल तर एक सेटिंग आधीच बदला. ‘फोटोज’च्या सेटिंगमध्ये तळाशी मॅक किंवा पीसीवर पाठवण्याचा पर्याय असतो, तो ‘ऑटोमॅटिक’वरून ‘कीप ओरिजिनल्स’वर आणा. ऑटोमॅटिकमध्ये फोन प्रत्येक फोटो जेपीईजीत बदलून देतो आणि त्या खटाटोपात कॉपी वारंवार तुटते. मूळ फाइल एचईआयसी या प्रकारची असते, आयफोनवर ती २०१७ पासून आली. विंडोजवर ती उघडत नसेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एचईआयएफचं एक्स्टेन्शन घाला. लाइव्ह फोटोसोबत त्याच नावाची एक छोटी व्हिडिओ फाइल येते. नाव बदलताना ही जोडी फोडू नका.

पिकासाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नागपुरातच काय, मराठी घरांत सगळीकडे ते होतं. गूगलने २०१६ मध्ये ते बंद केलं, पण जुन्या संगणकावर अजून चालतं. तो संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी दोन कामं करा. पिकासात चेहऱ्यांना दिलेली नावं फोटोत नसून वेगळ्या नोंदींत असू शकतात. ऑप्शन्समधल्या ‘नेम टॅग्ज’ भागात ती फोटोतच साठवण्याचा पर्याय आहे, तो लावा. दुसरं म्हणजे, पिकासात एडिट करून सेव्ह केलेल्या फोटोची मूळ प्रत त्याच फोल्डरमधल्या ‘पिकासाओरिजिनल्स’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात पडलेली असते. विंडोजमध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याची खूण केल्याशिवाय ती दिसत नाही, आणि फोल्डर उघडून आतले फोटो निवडून कॉपी केले तर मूळ तिथेच राहतात. कित्येक घरांत गडद, वेडेवाकडे कापलेले फोटो उरलेत ते यामुळेच.

लावण्यासाठी डिजिकॅम घ्या. फुकट आहे, विंडोजवर चालतं, आणि तुमचे फोटो स्वतःच्या कुठल्या पेटाऱ्यात कोंडत नाही, साध्या फोल्डरांतच ठेवतं. त्याची डेटाबेस फाइल संगणकाच्या आतल्या डिस्कवरच राहू द्या. सेटिंग्जमध्ये मेटाडेटाच्या (फोटोसोबतच्या नोंदींच्या) पानावर जाऊन टॅग, मथळे आणि चेहऱ्यांची नावं फाइलमध्ये लिहिण्याच्या खुणा लावल्यात का ते पाहा. त्या नसतील तर वर्षभर केलेली मेहनत एका डेटाबेसमध्ये राहते आणि तो गेला की सगळं गेलं. नावं फोटोच्या आत लिहिलेली असली की उद्या दुसरं सॉफ्टवेअर घेतलं तरी ती वाचता येतात.

आवकमधून फोटो ‘फोटो’ फोल्डरात आणताना डिजिकॅमच्या इम्पोर्टमध्ये तारखेनुसार उपफोल्डर करण्याची सोय आहे, तीच वापरा. कमांड लिहायची भीती नसेल तर एक्झिफटूल हेच काम एका ओळीत करतं. फक्त एक लक्षात ठेवा: फाइलच्या आतली नोंद बदलताना ते प्रत्येक फाइलची एक जुनी प्रत बाजूला ठेवतं. ते चांगलंच आहे, पण डिस्क अचानक दुप्पट भरते.

त्याआधी तारखा खऱ्या आहेत का हे तपासा. एक्सप्लोररमध्ये ‘डिटेल्स’ दृश्य लावून ‘कॅमेरा मॉडेल’ आणि ‘डेट टेकन’ हे रकाने आणा आणि मॉडेलवर क्रमवारी लावा. जिथे मॉडेल कोरं आहे ते बहुधा व्हॉट्सअ‍ॅपचे, स्कॅन केलेले किंवा स्क्रीनशॉट. त्यांना वेगळ्या फोल्डरात काढा. या एका क्रमवारीने निम्मा गोंधळ सुटतो. एखाद्या जुन्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो एखाद्या वर्षाच्या १ जानेवारीचे दिसत असतील, तर त्याची आतली बॅटरी उतरून घड्याळ मुळावर गेलेलं होतं. अशा फोटोंपैकी एकाची खरी वेळ कळली की काम झालं. वाढदिवसाच्या फोटोत भिंतीवरचं घड्याळ दिसतं, मुंजीच्या पत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो. खरी वेळ आणि नोंदलेली वेळ यांतला फरक काढायचा आणि डिजिकॅममधल्या तारीख-वेळ दुरुस्तीच्या साधनाने तेवढाच फरक सगळ्या तुकडीला लावायचा. प्रत्येक फोटोला हाताने तारीख देत बसू नका. त्याने फोटोंचा आपसातला क्रम मोडतो.

व्हिडिओत एक फसवी गोष्ट आहे. मोबाइल फोटोच्या आत आपली स्थानिक वेळ लिहितो, पण एमपीफोर व्हिडिओच्या आत बहुतेक मोबाइल जागतिक प्रमाणवेळ लिहितात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. पहाटे साडेचारला काढलेल्या काकड आरतीच्या व्हिडिओवर आदल्या दिवसाची रात्री अकराची वेळ पडते आणि तो आदल्या दिवसाच्या फोल्डरात जाऊन बसतो. काही कॅमेरे मात्र व्हिडिओतही स्थानिक वेळच लिहितात, म्हणून सरसकट साडेपाच तास मिळवू नका. त्या उपकरणाचा एक फोटो आणि लगोलग काढलेला एक व्हिडिओ शेजारी ठेवून बघा, मगच ठरवा.

फोल्डरची रचना जितकी साधी तितकी टिकते. वर्षाचा फोल्डर, त्यात प्रसंगाचा फोल्डर, बस. नाव ‘वर्ष-महिना-दिवस प्रसंग जागा’ असं: २०१९-०८-३१ तान्हा पोळा महाल. वर्ष आधी लिहिल्याने नावावरून लावलं तरी कालक्रम आपोआप लागतो. दिवस किंवा महिना माहीत नसेल तर तिथे ००: ‘१९८४-००-०० रामटेक सहल’ त्या वर्षाच्या अगदी सुरुवातीला येईल आणि तारीख अंदाजे आहे हेही कळेल. प्रत्यक्ष फाइलींच्या नावांत आकडे इंग्रजी टाका, कारण नावावरून तारीख ओळखणारी साधनं तेच वाचतात. शब्द मराठीत चालतात, पण आखूड ठेवा. विंडोजमध्ये पूर्ण मार्गाला साधारण २६० चिन्हांची मर्यादा येते आणि देवनागरीत प्रत्येक मात्रा, अनुस्वार, हलन्त वेगळं चिन्ह म्हणून मोजलं जातं. ‘विंडोज’ला डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, संगणक सहा मोजतो.

रोजच्या सटरफटर फोटोंना प्रसंग नसतो. त्यांच्यासाठी महिन्याचा एक फोल्डर पुरे. ‘आजीचे फोटो’, ‘ताडोबा’, ‘बाळाचे’ असे फोल्डर करण्याचा मोह आवरा. ताडोबाला आजीही आली होती आणि बाळही. मग तो फोटो कुठे ठेवणार? तिथूनच पाच-पाच प्रती सुरू होतात. फोल्डर फक्त काळाचा, बाकी सगळं टॅगवर. तान्हा पोळा दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो, पण टॅग एकच असला की एका क्लिकवर लाकडी बैलांसोबतचे सगळ्या वर्षांचे फोटो समोर येतात आणि पोरं किती वाढली ते एका नजरेत दिसतं.

मराठीत टॅग लिहिताना शुद्धलेखन हा तांत्रिक प्रश्न आहे. ‘दीक्षाभूमी’ आणि ‘दिक्षाभूमी’ हे संगणकाला दोन वेगळे टॅग. ‘वऱ्हाड’ हा शब्द तर दोन तऱ्हांनी टाइप होतो: एका कीबोर्डवर नुक्त्याच्या ‘ऱ’ने, दुसऱ्यावर साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण शोधताना एकाला दुसरा सापडत नाही. म्हणून टॅग दर वेळी नव्याने टाइप करू नका, डिजिकॅमच्या यादीतूनच निवडा. माणसांच्या टॅगला नातं नको, नाव हवं. आज जी तुमची ‘आजी’ आहे ती पुढच्या पिढीची पणजी होईल, आणि घरात दोन आज्या असतात ते वेगळंच. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर दोन्हींपैकी एकच नाव ठरवा, दुसरं मथळ्यात लिहा.

एवढं झाल्यावर आता डुप्लिकेट. आधी ज्या फाइली अक्षरशः एकसारख्या आहेत त्या काढा. डुपगुरू हे फुकट साधन आतला मजकूर जुळवून त्या शोधतं. तुमच्या नीट लावलेल्या ‘फोटो’ फोल्डरला त्यात ‘रेफरन्स’ अशी खूण करा, म्हणजे तिथली फाइल पुसलीच जात नाही, बाहेरच्या प्रतीच पुसल्या जातात. मग त्याचाच ‘पिक्चर’ प्रकार लावा. तो दिसायला सारखे फोटो जोड्यांनी दाखवतो. व्हॉट्सअ‍ॅपची लहान प्रत आणि मूळ फोटो इथे समोरासमोर येतात. जास्त पिक्सेलचा ठेवा. ही यादी डोळ्यांखालून घाला, आपोआप पुसायला लावू नका: एकामागोमाग काढलेल्या ग्रुप फोटोंपैकी एकातच सगळ्यांचे डोळे उघडे असतात आणि सॉफ्टवेअरला ते कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ज्या फोटोंची मोठी प्रत कुठेच मिळाली नाही, ते पुसायचे नाहीत. मोबाइल हरवलेल्या माणसाचे तेवढेच उरलेले असतात. ज्याने काढला त्याच्याकडे मूळ असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तसा पाठवला की आकारही कमी होत नाही आणि आतली तारीखही येते. सुप्रभातच्या चित्रांना मात्र मनमोकळेपणी निरोप द्या.

जुने छापील फोटो स्कॅन करायचे असतील तर चार बाय सहा इंचाच्या फोटोला ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) पुरे, त्यात २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. निगेटिव्ह असेल तर २४०० डीपीआयपासून वर. स्कॅन केलेल्या फाइलवर स्कॅनचीच तारीख पडते, खरी तारीख लगेच घाला. फोटोच्या मागे शाईने काही लिहिलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा.

आता बॅकअप, आणि इथे नागपूर मध्ये येतं. फोटोग्राफर पीटर क्रॉग यांनी रुळवलेला तीन-दोन-एक हा नियम सगळीकडे लागू आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. पण आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि दुपारी बंद खोलीत ४० सहज होतात. बंदिस्त डब्यातली पोर्टेबल डिस्क काम करताना खोलीपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त तापते आणि बहुतेक डिस्कची चालण्याची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. नवतपात मोठी कॉपी पहाटे किंवा रात्री उशिरा करा, क्रिस्टलडिस्कइन्फोत तापमान ५० च्या वर गेलं की थांबा. डिस्क कुलरच्या झोतात मात्र ठेवू नका. कुलरची हवा ओलसर असते आणि पाण्यातले क्षार बारीक तुषारांबरोबर उडतात. जाळीवर जो पांढरा थर चढतो तोच कनेक्टरवरही चढू शकतो. साठवायची डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कपाटाच्या मधल्या खणात ठेवा. वर्षानुवर्षं कपाटात राहणार असेल तर एसएसडीऐवजी (चिपवर साठवणाऱ्या डिस्कऐवजी) साधी हार्ड डिस्क घ्या, कारण वीज न मिळणाऱ्या एसएसडीतला चार्ज हळूहळू गळतो आणि उष्णतेत तो लवकर गळतो. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यापुरता. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. कॉपी चालू असताना लाइट गेली की फाइल अर्धवट लिहिली जाते.

घराबाहेरची प्रत का, हे शहराने पाहिलं आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि आसपासच्या वस्त्यांत तळमजल्यांवर पाणी शिरलं. संगणक आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर असतील तर ती एकच प्रत समजा. दुसरी डिस्क शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या नातेवाइकांकडे ठेवा, वर्धा-अमरावतीला कोणी असेल तर आणखी बरं. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणं होतंच, तेव्हा अदलाबदल करायची.

गूगल फोटोजची प्रत जास्तीची म्हणून चांगली, पण १ जून २०२१ पासून तिथले नवे फोटो १५ जीबीच्या फुकट कोट्यात मोजले जातात, आणि जीमेलही त्याच कोट्यात आहे. ‘स्टोरेज सेव्हर’वर ठेवलं तर फोटो दाबून लहान होतात. शिवाय मोबाइल आणि क्लाउड जोडलेले असतात, इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. तोच धोका सतत संगणकाला लावून ठेवलेल्या डिस्कला: व्हायरस शिरला की तिच्यावरच्या फाइलीही जातात. म्हणून कॉपी झाली की डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करून काढून ठेवा.

पुढे महिन्यातून एकदा, एखाद्या रविवारी, मोबाइल आवकमध्ये उतरवा, तारखा बघा, फोल्डर लावा, टॅग द्या, फ्रीफाइलसिंक या फोल्डर जुळवणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरने बॅकअप डिस्कवर पाठवा. मोबाइलमधून पुसायचं ते दोन्ही ठिकाणी पोहोचल्यावरच. दर तीन महिन्यांनी बॅकअपची डिस्क जोडून वेगवेगळ्या वर्षांचे दहा-वीस फोटो पूर्ण मोठे करून पाहा. छोटं चित्र ठीक दिसतं आणि मोठं केल्यावर खालचा अर्धा भाग करडा निघतो, असं खराब फाइलीचं लक्षण असतं. तसं दिसलं तर त्या डिस्कवर नवीन काही लिहू नका, दुसऱ्या प्रतीतून ती फाइल आणा आणि पेंडिंग सेक्टरचा आकडा बघा. डिस्कवर मार्करने खरेदीचा महिना आणि वर्ष लिहून ठेवा. पाच वर्षं झाली की ती चालू असली तरी तिच्या जागी नवी घ्या.